बाद वही

टाचणीबाईंना हे नाव कोणी दिलं ते आता कोणालाच आठवत नाही. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. संग्रहालयाच्या मागच्या लांबट खोलीत बाईंनी एकतीस वर्षं एकच काम केलं: मेलेल्या किड्याला टाचणी टोचायची, त्याचे पाय नीट मांडायचे, खाली चिठ्ठी लावायची आणि पेटीत रांगेत उभं करायचं. ऐकायला काय, सोपंच वाटतं. भुंगेऱ्याच्या पाठीच्या उजव्या बाजूतून टाचणी अशी उतरवायची की खालचा एकही पाय दुखावता कामा नये, हे एकदा करून बघा आणि मग बोला. पहिल्या वर्षी बाईंनी इतके भुंगेरे फोडले की त्यांना वाटलं, आपली गच्छंती ठरलेली. पण दुसऱ्या वर्षापासून हात असा बसला की विचारू नका.

तर या बाईंच्या नोकरीचे शेवटचे अठ्ठावीस दिवस उरले होते आणि नेमकं तेव्हाच संग्रहालय नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. नवी इमारत दिसायला झकास, पुढे सगळी काच. पण सामान ठेवायची खोली जुन्याच्या निम्मी. संचालक माणूस वाईट नव्हता, पण जागेच्या बाबतीत फार हिशेबी. त्यांनी सरळ सांगून टाकलं की ज्या कपाटांतून काही निष्पन्न होतं ती नव्या इमारतीत जातील आणि उरलेल्यांची विल्हेवाट लावली जाईल. थोडी शाळांना, थोडी कुठे कुठे. विल्हेवाट हा शब्द बाईंच्या छातीत काट्यासारखा रुतून बसला. कारण यादीत पहिली चार कपाटं त्यांचीच होती, कोळशाची.

कोळशा म्हणजे एक भुंगेरा. शास्त्रातलं नाव लांबलचक आहे, ते सोडा. काळा कुळकुळीत, करंगळीच्या नखाएवढा, झाडाच्या सालीखाली आणि पालापाचोळ्यात राहणारा. संग्रहालयामागे झाडीचा एक पट्टा होता, तिथे जमिनीत बारा काचेच्या बरण्या तोंडापर्यंत पुरलेल्या असत. रात्रभर फिरता फिरता किडे त्यात पडत. दर सोमवारी सकाळी बाई त्या बरण्या उपसत आणि त्यातले चांगले पाच कोळशे टोचत. बरण्या त्याच, जागा त्याच, वार तोच. पाऊस असो, ऊन असो, घरात कोणाला ताप असो. बाईंची रजा असली तर त्या रजेच्या दिवशी सकाळी येऊन बरण्या उपसून जात. नवरा म्हणायचा, अगं, किडे काय मंगळवारी चावतात का? बाई म्हणायच्या, तुम्हाला नाही कळायचं.

एकाच जातीच्या भुंगेऱ्याची चार कपाटं कशाला हवीत, असा संचालकांचा रोकडा सवाल होता. त्याला उत्तर द्यायला विद्यापीठातून एक मुलगी आली होती. गळ्यात सतत मोजायचं यंत्र लटकलेलं, म्हणून बाईंनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव मोजपट्टी ठेवलं. मुलगी गुणी होती. बाईंना काकू म्हणायची, पेटी दोन्ही हातांनी धरायची आणि शिंक आली तर खोलीबाहेर पळायची. तिचा प्रश्न असा, की गेल्या तीस वर्षांत उन्हाळे तापत गेले, थंडी आखडत गेली, तर त्यात कोळशाचं काय झालं? भर दुपारी काळा सदरा घालून चाललेल्या माणसाला विचारा काळा रंग म्हणजे काय ते. थंडीच्या दिवसांत काळी पाठ लवकर तापते, म्हणजे किडा लवकर कामाला लागतो. पण उन्हाळा वाढला तर तीच पाठ जिवावर उठायची. मग तो किडा मरतो, का पळतो, का बदलतो? हे चार कपाटांनी सांगितलं तर कपाटं तरली. शुक्रवारी कपाटांचा निकाल लावणाऱ्या समितीची बैठक होती, आणि मोजपट्टीचा अहवाल त्या बैठकीत मांडला जायचा होता.

बाई आतून फार खूश होत्या. आपण एकतीस वर्षं टोचत बसलो त्याचं चीज होणार, ही भावना माणसाला या वयात मिळाली तर आणखी काय हवं? त्या मोजपट्टीला रोज पेट्या काढून देत, जागच्या जागी ठेवत आणि मध्येच पोरीसाठी चहा आणत. संग्रहालयात कोणाला चहा आणून देणं हे बाईंच्या स्वभावात बसणारं नव्हतं, त्यामुळे त्याची चर्चाही झाली.

मोजपट्टीने आठ हजार कोळशे मोजले. लांबी मोजली, रुंदी मोजली, पाठीचा काळेपणा एका यंत्राखाली तपासला. सोमवारी दुपारी तिने सगळे आकडे एकत्र केले आणि बराच वेळ संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिने बाईंना बोलावून दाखवलं. एकतीस वर्षांची रेघ आडवीच्या आडवी होती. पहिल्या वर्षीचा कोळशा आणि या वर्षीचा कोळशा, एकाच साच्यातून काढल्यासारखे.

बाईंना आधी अभिमानच वाटला. बघ म्हणाल्या, किती एकसारखं काम आहे. पण मुलीचा चेहरा उतरलेला होता. ती म्हणाली की काल रविवारी ती स्वतः त्याच झाडीत हाताने साली उचलून बघत होती, तर तिला निम्म्याहून जास्त कोळशे तपकिरी दिसले. काळे कमी, तपकिरीच जास्त. आणि पेट्यांमध्ये एकही नाही. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं,

"काकू, तपकिरी कुठे गेले?"

"ते कच्चे असतात गं. कच्चे मी टाकून देते."

हे बोलताना बाईंना काहीच वाटलं नाही. मीठ संपलं, आणायला हवं, असं सांगावं तसं त्या बोलल्या. मुलीने पेटीचं झाकण हलकेच लावलं. ते बघून बाईंनी आपलंच वाक्य पुन्हा एकदा मनात ऐकलं, आणि मग त्या हळूहळू खुर्चीवर बसल्या.

आता कच्चे म्हणजे काय ते सांगायला हवं. कोशातून नुकताच बाहेर पडलेला भुंगेरा फिकट आणि मऊ असतो. एक-दोन दिवसांत त्याची पाठ घट्ट होते, रंग चढतो, तेव्हा तो पक्का. मऊ असताना टोचला तर वाळून सुरकुततो आणि पेटीची शोभा जाते. म्हणून कच्चा टोचायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. आणि पक्का म्हणजे कसा, हे कळावं म्हणून बाईंच्या टेबलावर काचेच्या डबीत एक नमुना ठेवलेला असे. थोरल्या साहेबांनी स्वतः पकडलेला, स्वतः टोचलेला, काळाभोर. थोरले साहेब म्हणजे या विभागाचे जुने प्रमुख, बाईंना ज्यांनी शिकवलं ते. त्यांनी सांगून ठेवलं होतं की प्रत्येक कोळशा या नमुन्याशेजारी धरायचा. जुळला तर पेटीत. शंका आली तर बाद.

बाईंनी एकतीस वर्षं हे इमानेइतबारे केलं. फिकट दिसला की कच्चा. बारका दिसला की अशक्त. दरवर्षी जुळणारे कमी सापडायला लागले तेव्हा त्यांनी आणखी निवडून निवडून पाच काढले. लोकांना सांगितलं, की अहो, आजकालचे किडेसुद्धा पूर्वीसारखे राहिले नाहीत. लोक हसले, बाईही हसल्या. बाहेर कोळशा बदलत होता आणि त्या पेटीत तो जुनाच ठेवत होत्या. प्रामाणिकपणे, जीव ओतून, दर सोमवारी.

मोजपट्टीने त्यांना एका शब्दाने दुखावलं नाही. काकू, असं सगळीकडेच होतं, म्हणाली. पण टाकलेले किडे केराच्या टोपलीतून कधीचे मातीला मिळाले होते, हे तिलाही माहीत होतं. आडवी रेघ घेऊन समितीपुढे जायचं म्हणजे काय होणार, हे तर दोघींनाही कळत होतं.

त्या दिवशी बाई घरी गेल्या आणि जेवायला बसल्या नाहीत. नवऱ्याचं सगळं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं होतं, आता घरी बसून शेजाऱ्यांची फुकट करायचा. त्याने ताट झाकून ठेवलं आणि काय झालं ते सगळं ऐकून घेतलं. बाई म्हणाल्या, मी आंधळी होते. तो म्हणाला, आंधळी नव्हतीस. दुकानात लोक यायचे, घड्याळ पुढे जातं म्हणून तक्रार करायचे. दहांतल्या चौघांचं घड्याळ बरोबर असायचं, पण घरातलं भिंतीवरचं मागे असायचं आणि त्याच्याशी ते ताडून बघायचे. तू साहेबांच्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडत बसलीस, एवढंच.

बाईंना हे पटलं, पण बरं वाटलं नाही. त्यांच्या मनात एकच घोळत होतं: त्या पोरीला वाटत असेल मी पाच-पन्नास टाकले. मी किती टाकले ते तिला कळायला हवं. चूक केली तर ती पूर्ण सांगावी, अर्धी सांगून साळसूद बनू नये, असा बाईंचा खाक्या होता. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाखालचं खोकं ओढून काढलं आणि त्यातल्या सोळा वह्या मोजपट्टीपुढे नेऊन ठेवल्या.

या वह्यांचं प्रकरण असं. थोरल्या साहेबांचा एक हट्ट होता, की जे टाकाल त्याची नोंद करा, आणि नुसतं बाद लिहून चालणार नाही, कारण लिहा. किती किडे आले, किती काळे, किती बाद आणि का बाद. कोणत्याच संग्रहालयात असला उपद्व्याप नसेल. टाकायचंच आहे तर त्याचा पंचनामा कशाला? बाईंनी या बाद वहीपायी साहेबांना मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील त्याची गणती नाही. साहेब निवृत्त होऊन एकवीस वर्षं झाली, वही तपासायला कोणी आलं नाही, तरी बाई लिहीत राहिल्या. धाक म्हणा, सवय म्हणा. आणि कोणी वाचत नाही म्हटल्यावर त्या आपल्या मनासारखं लिहायला लागल्या.

"हे माझे गुन्हे," बाई म्हणाल्या. "सगळे तारीखवार आहेत. बघ आणि काय म्हणायचं ते म्हण."

मोजपट्टीने पहिली वही उघडली, दोन पानं वाचली आणि तिला हसू आवरेना. बाईंनी किड्यांना असं फैलावर घेतलं होतं की बस्स. एकाबद्दल लिहिलं होतं, 'रंग विटका, जणू चहात बुडवून काढला. नख लावलं, पाठ टणक. तरी बाद.' दुसऱ्याबद्दल, 'एवढंसं पोर. तांदळाच्या दाण्याशेजारी ठेवलं तर दाणा मोठा दिसेल.' तिसऱ्याबद्दल, 'अजून थंडी सरली नाही आणि हे महाशय हजर. यांना कोणी बोलावलं होतं?' एका ठिकाणी तर नुसतंच, 'साहेब म्हणतात कारण लिहा. कारण: आवडला नाही.' बाई मान खाली घालून उभ्या होत्या आणि मुलगी डोळे पुसत पुसत पानं उलटत होती.

मग ती हसायची थांबली. पुन्हा पहिल्या पानावर गेली. एक कोरा कागद ओढला आणि रेघा मारायला लागली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, जशा आपण मोजायला मारतो तशा. बाईंनी दोनदा विचारलं काय गं, काय झालं, तर तिने हातानेच थांबा म्हटलं. तासाभराने तिने मान वर केली.

"काकू, तुम्ही प्रत्येकाला नख लावून बघितलंय?"

बघितलं म्हणजे काय, बघितलंच होतं. कच्चा असेल तर पाठ दबते. मग दबत नव्हती तरी बाद का केला, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, मला वाटायचं पाठ आधी घट्ट झाली आहे, रंग मागून येईल. शंका होती, म्हणून बाद. पण पाठ टणक होती तर टणक असं लिहायला हवंच ना, खोटं कसं लिहिणार?

मुलीने बाईंचे दोन्ही हात धरले. ती म्हणाली की काकू, टणक म्हणजे पक्का. ते कच्चे नव्हतेच. तुम्ही नुसतं बाद लिहिलं असतं तर माझ्या हाती शून्य होतं. तुम्ही रंग लिहिलात, आकार लिहिलात, तारीख लिहिलीत, पाठ लिहिलीत. एकतीस वर्षांत एक सोमवार चुकवला नाहीत. हे असं कोणाकडे नाही, काकू.

बाईंना ते लगेच समजलं नाही. त्यांना वाटलं पोरगी सांत्वन करते आहे. पुढचे दोन दिवस दोघी शेजारी बसून वह्या उतरवत होत्या. बाई वाचायच्या, मुलगी आकडे भरायची, आणि अक्षर लागलं नाही की बाईंना तो सोमवार आठवायचा. गुरुवारी संध्याकाळी मुलीने पडदा त्यांच्याकडे वळवला. आता रेघ आडवी नव्हती. पहिल्या वर्षी शंभरात चार टणक तपकिरी होते. दहाव्या वर्षी अकरा. विसाव्या वर्षी तीस. या वर्षी बासष्ट. आकार कणाकणाने बारीक होत गेलेला. आणि ते महाशय, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं, ते दर काही वर्षांनी आणखी थोडे लवकर येत गेले होते, पार तीन आठवड्यांपर्यंत. फिकट पाठ कमी तापते. लवकर यायचं आणि कडक ऊन पडायच्या आत आपला संसार उरकून घ्यायचा. कोळशाने आपली सोय आपण बघितली होती, बाईंच्या नाकासमोर, बाईंच्या शिव्या खात खात.

शुक्रवारच्या बैठकीत मोजपट्टीने दोन्ही रेघा दाखवल्या, पेटीतली आणि वहीतली. पेटीतली का आडवी राहिली तेही तिने सांगितलं, लपवलं नाही. संचालकांनी चष्म्यावरून विचारलं की बाद करण्याचा निर्णय कोणाचा होता. बाई मागे भिंतीशी बसल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की माझा. संचालक म्हणाले, बसा बाई, उभ्या कशाला राहता, आणि त्यांनी एक वही मागून घेतली. दोन मिनिटांनी ते स्वतःशीच हसायला लागले, मग त्यांनी शेजारच्याला वाचून दाखवलं, आणि बैठकीचं पार गांभीर्यच गेलं. शेवटी ठरलं ते असं: चारही कपाटं नव्या इमारतीत जातील, वह्या पहिल्या खणात राहतील, आणि बाद वहीची पद्धत यापुढे सगळ्या विभागांना लागू. हे शेवटचं ऐकून फुलपाखरांच्या विभागातल्या माणसाने बाईंकडे असं काही बघितलं की काय सांगावं.

बाईंना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. जिला कालपर्यंत आपण पोर म्हणत होतो त्या मुलीचे त्यांनी मनापासून आभार मानले, तोंडाने, सगळ्यांसमोर. पण घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यात मोठं ऋण भलत्याच माणसाचं आहे. ज्या माणसाला एकतीस वर्षं शिव्या दिल्या, त्याच्या हट्टाने आज लाज राखली. आता त्याला जाऊन सांगायला नको?

थोरले साहेब सत्त्याऐंशी वर्षांचे होते. गावाच्या टोकाला मुलीकडे राहत. एका डोळ्याचं दिसणं गेलं होतं, दुसऱ्याने भिंग धरून थोडं वाचता येई. रविवारी सकाळी बाई गेल्या तेव्हा साहेबांच्या मुलीने दारातच त्यांना बाजूला घेतलं. म्हणाली, ताई, जपून बोला. बाबा गेली काही वर्षं फार गप्प असतात. मागच्या अंगणात पूर्वी तासन् तास बसायचे, आता पाऊल टाकत नाहीत. का ते सांगत नाहीत.

बाई उंबऱ्यातच थांबल्या. आभार मानायचे तर वहीचं सांगावं लागणार, आणि वहीचं सांगायचं तर नमुन्याचं निघणार. या वयात, या अवस्थेत, माणसाला, तुमच्याच नमुन्याने आम्हाला एकतीस वर्षं फसवलं, हे सांगायचं? बाईंनी ठरवलं की फक्त गोड तेवढं सांगायचं. कपाटं वाचली, वही कामाला आली, तुमचे उपकार झाले, बस.

साहेब खिडकीजवळच्या खुर्चीत होते, गुडघ्यांवर शाल. त्यांनी आवाजावरून ओळखलं. बाईंनी ठरवल्याप्रमाणे सगळं गोड गोड सांगितलं आणि वाकून नमस्कार केला. म्हणाल्या, साहेब, त्या वहीपायी मी तुम्हाला फार बोल लावले, समोर नाही पण मनात. आज तुमच्यामुळे माझं आयुष्य फुकट गेलं नाही. मी तुमची ऋणी आहे.

साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस म्हातारा झाला होता, खुळा नाही. त्यांनी विचारलं की वही कामाला आली, मग पेट्या का नाही आल्या? पेट्यांमध्ये काय कमी होतं? बाईंनी इकडचं तिकडचं सांगून बघितलं, पण साहेबांपुढे त्यांचं कधी चाललं होतं म्हणून आज चालणार? शेवटी सगळं बाहेर पडलं. तपकिरी, टणक, शंभरात बासष्ट, आणि पेटीत एकही नाही.

"चूक कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी, साहेब."

"खोटं बोलू नका. नमुना माझा होता."

दारात उभ्या असलेल्या मुलीने बाईंकडे रागाने बघितलं. साहेबांनी गुडघ्यांवरची शाल मुठीत आवळली होती, आणि बाईंना वाटलं, आपण नको ते केलं, चांगल्या माणसाच्या शेवटच्या दिवसांत विष कालवलं. त्या उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात साहेबांनी विचारलं की तपकिरी शंभरात बासष्ट ते ठीक, पण एकूण किती? बारा बरण्यांत मिळून पूर्वी होते त्याच्या निम्मे तरी आहेत का?

बाई म्हणाल्या, निम्मे कशाला? तेवढेच आहेत. थोडे जास्तच, चार-दोन.

साहेबांनी चेहरा हातात घेतला. मुलगी धावली, पण त्यांनी हाताने तिला थांबवलं. मग तुटक तुटक बोलले. आठ वर्षं झाली, या अंगणातल्या लाकडांखाली त्यांना काळा कोळशा दिसला नव्हता. रोज बघायचे. एके दिवशी बघणं सोडलं. त्यांना वाटलं, उन्हाने संपवला. आपण एकेकाळी हातावर खेळवलेला प्राणी आपल्या डोळ्यांदेखत संपला आणि आपण काही करू शकलो नाही, हे कोणाला सांगायचं? किड्यासाठी रडतो म्हणून लोक हसले असते. म्हणून ते कोणालाच बोलले नव्हते, पोटच्या मुलीलासुद्धा नाही.

"संपले नाहीत, साहेब," बाई म्हणाल्या. "आहेत. आपल्यालाच ओळखू आले नाहीत."

साहेबांनी शाल बाजूला केली आणि काठी मागितली. मुलगी म्हणाली, बाबा, बाहेर ऊन आहे. ते म्हणाले, असू दे, कोळशाला चालतं तर मलाही चालेल. एका बाजूने मुलगी, दुसऱ्या बाजूने बाई, असे तिघं अंगणात उतरले. कुंपणाशी जुन्या ओंडक्यांची रास होती. बाईंनी खाली बसून एक सुटलेली साल उचलली, आतला पाचोळा बोटाने सारला आणि एक भुंगेरा अलगद साहेबांच्या तळहातावर ठेवला. बारकासा, तपकिरी, चपळ.

साहेबांनी भिंग डोळ्याशी नेलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसा.

"अरे, तू होय. तू तर रोज माझ्या खिडकीत येतोस."

त्यांच्या एका चांगल्या आणि एका गेलेल्या, दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. मुलीने पदराने पुसलं. साहेब बाईंकडे वळले आणि म्हणाले, "बाई, मी तुमचा फार आभारी आहे." बाई त्यांचा कोपर धरून उभ्या राहिल्या. भुंगेरा बोटांवरून मनगटावर चढला आणि तिथून बाहीकडे निघाला, आणि साहेबांनी हात मुळीच हलवला नाही.